कुत्र्याच्या गोचिड्या आणि घरगुती तेलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कडुनिंब, करंज, खोबरेल, नीलगिरी, कापूर घातलेलं कसलंतरी मिश्रण. कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसली की घरातली यांपैकी एक तरी बाटली उघडतेच. मी पशुवैद्य नाही. घरी कुत्री आहेत, सोसायटीतल्या भटक्यांची देखभाल करणाऱ्या मंडळींत मी असतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत हेच प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात. तेलाला माझी हरकत नाही. पण निव्वळ तेलाच्या भरवशावर राहिलेल्या घरातलं कुत्रं टिक फिव्हरनं (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापानं) सलाईनवर गेलेलं पाहिलं आहे, म्हणून काही उत्तरं जरा कडक वाटतील.

तेलानं गोचिड्या खरंच जातात का?

काही मरतात, काही दूर राहतात, पण तेवढ्यापुरत्याच. कडुनिंबाच्या बियांतलं आझाडिरॅक्टिन किड्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडवतं. म्हणजे त्याचा जोर पुढच्या पिढीवर असतो. आज कानाला चिकटलेली मोठी मादी त्यानं आज मरेल असं नाही. करंज तेलाचंही थोड्याफार फरकानं तसंच. शिवाय आझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं आणि लावलेलं बरंचसं तेल तासाभरात सोफ्याला, सतरंजीला पुसलं जातं.

प्रयोगशाळेत गोचीड तेलात बुडवली की मरते, हे खरं आहे. आपलं कुत्रं मात्र तेलात बुडालेलं नसतं. लॅब्राडॉरच्या दुहेरी केसांच्या मुळापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या घडीत तेल सगळीकडे सारखं पोहोचत नाही, आणि गोचीड नेमकी तिथेच बसते. एर्लिकियासारख्या आजाराचे जंतू तर गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात जाऊ शकतात. त्यामुळे "बऱ्याचशा गोचिड्या गेल्या" एवढ्यावर समाधान मानणं धोक्याचं आहे.

तेलाचा उपयोग मी एवढाच धरतो : फिरायला जाण्याआधी थोडं संरक्षण, कोरड्या त्वचेला आराम, आणि तेल लावायच्या निमित्तानं कुत्र्याच्या सगळ्या अंगावरून बोटं फिरतात. हा तिसरा फायदा मला तरी सगळ्यात मोठा वाटतो. केसांत दडलेल्या निम्म्या गोचिड्या बोटांनाच सापडतात.

मग कोणतं तेल चालेल?

खाद्यतेलासारखी जाड, बियांतून किंवा खोबऱ्यातून काढलेली तेलं एका बाजूला ठेवा. इवल्याशा बाटलीत मिळणारी, झाकण उघडताच नाकात जाणारी सुगंधी तेलं दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटातली तेलं पातळ करून, बेतानं वापरली तर सहसा त्रास होत नाही. दुसऱ्या गटाबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

खोबरेल सगळ्यात निरुपद्रवी, पण गोचिडीवर त्याचा एकट्याचा प्रभाव नगण्य. २०१८ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी खोबरेलापासून वेगळी काढलेली काही मेदाम्लं गोचिड्या, माश्या आणि ढेकणांना चांगली पळवून लावतात असं दाखवलं. ती बातमी "खोबरेल लावा, गोचिड्या घालवा" अशा रूपात मोबाईलवर फिरत राहिली. त्याच संशोधकांनी साधं खोबरेल तेल हे काम करत नाही हेही सांगितलं होतं. तेवढं वाक्य वाटेत गळालं.

कडुनिंब तेल कच्च्या घाणीचं, कशाचीही भेसळ नसलेलं घ्या. ते गडद, उग्र वासाचं असतं आणि थंडीत गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतं. फिकट, छान वासाचं "नीम ऑइल" मिळालं तर त्यात आणखी काय घातलंय ते लेबलवर वाचा. करंज तेलही चालतं. खेड्यांत जनावरांच्या खरजेला ते पूर्वापार लावतात. वास मात्र असा की फ्लॅटमध्ये दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

कृषी सेवा केंद्रात दहा हजार पीपीएमचा निम अर्क मिळतो. तो जास्त जोरदार असेल ना?

जोरदार आहे (पीपीएम म्हणजे त्यातल्या आझाडिरॅक्टिनचं प्रमाण), पण पिकासाठी. पाण्यात नीट मिसळावा म्हणून त्यात विद्रावकं आणि इमल्सिफायर घातलेले असतात. ते पानावर फवारायला ठीक. कातडीवर आणि चाटणाऱ्या जिभेवर नाही. ३०० असो, १,५०० असो की १०,००० पीपीएम, फवारणीची बाटली कुत्र्यापासून लांब ठेवा. शेतघरी राहणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हा प्रश्न हटकून येतो, म्हणून वेगळा घेतला.

कडुनिंब तेल किती आणि कसं लावायचं?

१०० मिली खोबरेल तेलात एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, कडुनिंब तेल. एवढं पुरे. कडुनिंब थेट लावलं तर कातडी लाल होते, कुत्रं खाजवून खाजवून जखम करून घेतं आणि तुम्हाला वाटतं गोचिड्या वाढल्या.

पहिल्यांदा लावताना मांडीच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. लाली, पुरळ, सारखं चाटणं यांपैकी काही नसेल तरच पुढे. मग तळहातावर थोडं घेऊन दोन्ही हात चोळा आणि केसांच्या उलट दिशेनं बोटं फिरवा : मानेखाली, पट्ट्याच्या जागी, काखेत, शेपटीच्या मुळाशी, पायांच्या बाहेरच्या बाजूला. मध्यम आकाराच्या कुत्र्याला दोन छोटे चमचे मिश्रण भरपूर झालं. केस चिकट, ओले दिसायला लागले तर जास्त झालं समजा. अर्धा-एक तास खेळण्यात गुंतवून ठेवा, म्हणजे चाटणार नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

दुसरी पद्धत आंघोळीच्या वेळची. एक लिटर कोमट पाण्यात १० मिली कडुनिंब तेल आणि कुत्र्यांचा सौम्य शांपू थोडासा टाकून चांगलं घुसळा. शांपूशिवाय तेल पाण्यावर तरंगत राहतं आणि शेवटच्या तांब्यातून सगळं एकाच जागी पडतं. आंघोळीनंतर हे अंगावरून ओता, पाच-दहा मिनिटं थांबा, साध्या पाण्यानं धुवा. लांब केसांच्या कुत्र्यांना हीच पद्धत बरी, कारण तेलकट केसांत धूळ बसून गुंता होतो. भर उन्हात तेल लावून बाहेर नेऊ नका.

कुठे लावू नये?

डोळे, नाक, तोंड, कानाच्या आत, गुदद्वाराभोवती, जखमेवर, खाजवून सोललेल्या कातडीवर. कानाच्या पाळीवर बाहेरून पुसट हात चालतो. कानाच्या नळीत मात्र कुठलंच तेल सोडू नका. आत गोचीड दिसत असेल तर ते डॉक्टरांचं काम. पडदा आधीच फाटलेला असेल तर तेल मध्यकर्णात जातं.

टी ट्री, नीलगिरी, लवंग, पुदिना... ही तर झाडांचीच तेलं आहेत. त्यात वाईट काय?

ही तेलं म्हणजे मूठभर नव्हे, किलोच्या किलो पानाफुलांचा अर्क एका बाटलीत. ती कातडीतून रक्तात जातात, चाटल्यानं पोटात जातात आणि यकृतावर त्यांचा भार पडतो.

टी ट्रीचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्राकडे २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलाच्या ४४३ घटना नोंदल्या गेल्या : ३३७ कुत्री आणि १०६ मांजरं. बहुतेक ठिकाणी हे तेल सांडलं नव्हतं किंवा चुकून लागलं नव्हतं. मालकांनीच चांगल्या हेतूनं लावलं होतं. लाळ गळणं, गळून पडणं, चालताना झोकांड्या, मागच्या पायांतला जोर जाणं, थरथर ही लक्षणं २ ते १२ तासांत सुरू होतात आणि ३ दिवसांपर्यंत टिकू शकतात. लहान आणि हलक्या जनावरांना त्रास जास्त.

पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीच्या तेलाबद्दल १९९२ सालची एक नोंद पशुवैद्यकाच्या पुस्तकांत येते. पिसवांसाठी एका कुत्र्याला ते तेल लावलं आणि यकृत निकामी होऊन ते दगावलं. आपल्याकडे हे तेल सहज मिळत नाही, पण ऑनलाइन मागवलेल्या "नैसर्गिक" मिश्रणांत ते असू शकतं. दालचिनी, लवंग, विंटरग्रीन, पुदिना, नीलगिरी हीही कुत्र्याच्या कातडीसाठी नकोत. विंटरग्रीन म्हणजे आपल्या गुडघेदुखीच्या मलमांतला तो ओळखीचा वास.

गवती चहा आणि सिट्रोनेला यांबद्दल मी थोडा सैल आहे. लावायचंच असेल तर १०० मिली खोबरेलात १० थेंबांच्या वर नाही (१ मिली म्हणजे साधारण २० थेंब), आणि तेही अंगावर न लावता गळ्यात बांधायच्या रुमालावर. फिरून आल्यावर रुमाल काढून टाका. कुत्रं तोंड फिरवत असेल, शिंकत असेल, रुमाल ओरबाडत असेल तर विषय तिथेच संपवा. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे आणि तो वास त्याला गळ्यातून काढता येत नाही.

"हर्बल", "१००% नॅचरल" लिहिलेले स्प्रे तर सुरक्षित असतील?

लेबलवर टक्केवारी लिहिलेली असेल तर विचार करता येईल. बहुतेकांवर नुसती पानाफुलांची चित्रं असतात. वनस्पतीजन्य तेलांच्या पिसवानाशक उत्पादनांनी बाधा झालेल्या ३९ मांजरांचा आणि ९ कुत्र्यांचा एक अमेरिकी आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही जनावरांना तर लेबलवरच्या सूचनांप्रमाणेच औषध लावलेलं होतं. घटकांचं प्रमाण न छापणाऱ्या कंपनीचा स्प्रे मी घेत नाही, मग किंमत काही असो.

कापूर, अमृतधारा, रॉकेल, तंबाखूचं पाणी, सीताफळाच्या बिया? आमच्याकडे आजीच्या वेळेपासून करतात.

एकेक करून सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आजही करतंय.

कापूर पोटात गेला की फिट येऊ शकतात. अमृतधारेत कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि ओव्याचं सत्त्व असतं, म्हणजे तीनही गोष्टी कुत्र्यासाठी नकोशा. डांबरगोळ्या पुडीत बांधून गादीखाली ठेवणं त्याहून वाईट. कुत्र्यानं एखादी गिळली तर रक्तपेशी फुटतात.

रॉकेल किंवा डिझेल चोळल्यानं कातडी भाजते. चाटून उलटी झाली आणि ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन कातडीतून शोषलं जातं. गोचीड मरेल एवढं तीव्र पाणी छोट्या कुत्र्यालाही पुरेसं आहे.

सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती किड्यांना खरोखर मारते. पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे येत असतात. माणूस निदान डोळे मिटून बसतो. कुत्रं अंग झाडतं, आणि पूड त्याच्या आणि तुमच्याही डोळ्यात.

आजीच्या वेळी कुत्रं अंगणात असायचं, त्याला काय झालं याची कुणी नोंद ठेवत नव्हतं.

चिकटलेल्या गोचिडीवर तेल टाकलं की ती गुदमरून सुटते ना?

लगेच सुटत नाही. गोचिडीचा श्वास इतका संथ असतो की तेलाखाली ती बराच वेळ तग धरते, आणि तेवढा वेळ तिचं तोंड तुमच्या कुत्र्याच्या कातडीतच असतं. चिडलेली गोचीड पोटातला द्रव उलट जखमेत सोडण्याची शक्यता असते. जंतू असतात ते त्यातच. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेट्रोल, पेटती उदबत्ती या सगळ्यांनाच म्हणून नकार.

टोकदार चिमटा घ्या. केस बाजूला करून गोचिडीचं तोंड कातडीला लागतं तिथेच, अगदी तळाशी पकडा. फुगलेलं पोट दाबू नका. सावकाश, एकसारखा ताण देत सरळ वर ओढा. पिरगाळू नका, हिसका देऊ नका. दोन-चार सेकंदांत ती सुटते, कधी कातडीचा एक बारीक कपचा घेऊन. तोंडाचा काळा ठिपका आत राहिला तर सुईनं उकरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागेवर जंतुनाशक लावा. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म फुगलेली करडी मादी नखानं किंवा चपलेखाली फोडण्याचा मोह आवरा. तिच्या रक्तातले जंतू हाताच्या चिरेतून आपल्यालाही बाधू शकतात. झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. नंतर हात साबणानं धुवा.

रोज काढतो, तेल लावतो, तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच. असं का?

कारण त्या तुमच्या घरात राहतात. शहरातल्या पाळीव कुत्र्यांवर दिसणारी तपकिरी गोचीड ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस गटातली असते, आणि घराच्या आत पिढ्यान् पिढ्या काढणं तिला छान जमतं. ती आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. अंड्यातून आलेलं सहा पायांचं पिल्लू रक्त पिऊन खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं. मग आठ पायांची मधली अवस्था, पुन्हा तेच. शेवटी मोठी मादी भरपेट रक्त पिऊन उतरते आणि कुठल्या तरी भेगेत हजारांच्या संख्येनं अंडी घालते. अनुकूल हवेत हा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. उपाशी मोठी गोचीड कित्येक महिने नुसती वाट पाहत बसू शकते.

शोधताना सगळे जमीन बघतात. ही जात वर चढते. बाल्कनीच्या दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा, पडद्याची वरची शिवण, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, पंख्याच्या वायरची पट्टी, फर्निचरच्या पायाखालचं बूच, स्कर्टिंगची फट. रात्री मोबाईलचा दिवा तिरपा धरून पाहिलंत तर पांढऱ्या भिंतीवर वर सरकणारे तपकिरी ठिपके दिसतील.

कुत्र्याची गादी, चादरी ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. व्हॅक्यूम फटींवरून फिरवा आणि त्याची पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर. भेगा पुट्टीनं किंवा पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. प्रादुर्भाव मोठा असेल तर पेस्ट कंट्रोल करावंच लागतं, कुत्र्याला बाहेर ठेवून आणि जागा पूर्ण सुकेपर्यंत. एकदा करून भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंडी आणि कात टाकत बसलेल्या अवस्था पहिल्या फवारणीतून वाचतात. भिंतींवर कडुनिंबाचं पाणी फवारून हे काम होईल, असं मी तरी समजत नाही. डाग मात्र राहतात.

घरात मांजरही आहे.

मग सुगंधी तेल घरात आणूच नका, डिफ्यूझरमध्येसुद्धा नाही. असे पदार्थ शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला लागणारी एक यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. कुत्र्याला पचलेलं मांजराला पचत नाही, आणि दोघं एकमेकांना चाटतात, एकाच गादीवर झोपतात. कुत्र्यांसाठीच्या परमेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेल्या औषधांबाबतही हीच खबरदारी हवी. परमेथ्रिननं मांजरं मरतात. कुत्र्याला लावलं असेल तर पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा.

पिल्लू आहे, किंवा कुत्री गाभण आहे. तेल लावू?

तीन महिन्यांखालच्या पिल्लाला खोबरेलापलीकडे काही नको. बारीक दातांचा कंगवा, चिमटा आणि धीर. गोचिड्या खूप असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एवढ्याशा जिवाला नुसत्या रक्त कमी होण्यानंच धोका असतो. गाभण आणि पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला कडुनिंब टाळा. फिट येणारं किंवा यकृताचा आजार असलेलं कुत्रं असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच औषधी तेल नको.

गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध चालू असताना तेल लावलं तर?

तोंडानं द्यायच्या गोळीला तेलाची अडचण नाही. मानेवर सोडायचं औषध मात्र कातडीच्या स्वतःच्या तेलकट थरातून पसरतं. त्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस तेलही नको, आंघोळही नको. गोठ्यासाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ खोबरेलात कालवून कुत्र्याला चोपडणं हा प्रकार तर ताबडतोब बंद करा. त्याचं प्रमाण पाण्यासाठी ठरवलेलं असतं, आणि तेलातून कातडीत किती उतरेल याचा हिशोब कुणीच केलेला नसतो.

पण त्या गोळ्यांनी फिट येतात असं वाचलं. त्यापेक्षा तेल बरं नाही का?

वाचलेलं निराधार नाही. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर या गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८ मध्ये सूचना काढली : काही जनावरांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असे परिणाम दिसले आहेत. औषधं बंद केली नाहीत. बहुतेकांसाठी ती सुरक्षित आहेत, असंही त्याच सूचनेत आहे. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते दुसरं काही सुचवतील.

माझं मत विचाराल तर ज्या भागात दर पावसाळ्यात ओळखीतली दोन-चार कुत्री टिक फिव्हरनं आजारी पडतात, तिथे डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेली गोळी मुख्य आणि तेल दुय्यम. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन छोट्यांना अर्धी-अर्धी देण्याची काटकसर करू नका. आणि कॉली किंवा शेल्टी जातीचं कुत्रं असेल तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देण्याआधी जात आवर्जून सांगा. या जातींत एका जनुकीय दोषामुळे ते औषध मेंदूत जातं.

लसूण खाऊ घातला तर गोचिड्या येत नाहीत म्हणे?

नका घालू. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. बबेसिया हा गोचिडीचा आजारही तेच करतो. दोन्ही एकदम झालं तर अंगात रक्त कितीसं उरणार?

टिक फिव्हर ओळखायचा कसा?

जेवणाकडे पाठ फिरवणं, ताप, जिन्याच्या दोन पायऱ्यांत दमणं. हिरड्या गुलाबीऐवजी पांढरट दिसणं. पोटावर, जिथे केस विरळ असतात तिथे, जांभळे-लाल ठिपके, नाकातून रक्त. ही एर्लिकियाची खूण असू शकते, त्यात प्लेटलेट्स घसरतात. लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसियाचा संशय. गोचीड सापडली नाही म्हणून टिक फिव्हर नाही असं धरू नका. चावणारी गोचीड आठवड्यापूर्वीच उतरून गेलेली असते.

रक्ताची तपासणी त्याच दिवशी करा. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि कुत्रं चौथ्या दिवशी शेपटी हलवायला लागलं म्हणून तो सोडायचा नसतो.

तेलानं बाधा झाली असं वाटतंय. आत्ता काय करू?

भांडी घासायच्या सौम्य लिक्विड साबणानं आणि कोमट पाण्यानं तेल लावलेली जागा दोन-तीनदा धुवा. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. अंग पुसून ऊबदार ठेवा. उलटी करवू नका, तेल श्वासनलिकेत जाईल. दूध, तूप पाजू नका. ही तेलं स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि आणखी शोषली जातात. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर घेऊन दवाखाना गाठा. किती वाजता, किती लावलं ते सांगा. लावणाऱ्याला ओरडण्याचा कार्यक्रम नंतर.

भटक्या कुत्र्यांना निदान तेल तरी लावू का?

ओळखीचं, हात लावू देणारं कुत्रं असेल तर लावा, पण त्यांच्यासाठी तेल फार कामाचं नाही. पुन्हा त्याच झाडाखाली, त्याच गटाराच्या कडेला झोपणार. चार जणांनी वर्गणी काढून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी खाऊत घालून दिली, तर महिनाभर तरी उसंत मिळते. अंदाजे वजन कळावं म्हणून फोटो दाखवा. आणि पार्किंगमधल्या त्यांच्या जागेची भेग बुजवा, नाहीतर त्याच गोचिड्या जिन्यानं तुमच्या पहिल्या मजल्यावर येतील.

कुत्र्याची गोचीड आपल्याला चावली तर?

तपकिरी गोचिडीला कुत्रंच आवडतं, पण संख्या वाढली की ती माणसालाही चावते. तिच्यातून माणसाला इंडियन टिक टायफस होऊ शकतो : ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ. काढायची पद्धत तीच, चिमट्यानं सरळ.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. माकडताप पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोग्याकडे आढळला, आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो पसरवणारी गोचीड वेगळ्या जातीची, जंगलातली. काजूच्या बागेत, रानात तुमच्याबरोबर हिंडणारं कुत्रं ती अंगावर घेऊन घरी येऊ शकतं. म्हणून रानातून आल्यावर त्याला अंगणातच तपासा, घरात घेतल्यावर नाही. जंगलात जाणाऱ्या माणसांना अंगाला लावायला मिळणारं, किडे दूर ठेवणारं डीएमपी तेल हे रसायन आहे. उरलेलं कुत्र्याला चोपडू नका. आणि डिसेंबर ते मे या काळात घरात कुणाला अचानक ताप आला तर "रानात गेलो होतो, गोचीड चावली होती" हे दवाखान्यात आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.